मीठ सापडलं म्हणजे समुद्र आटला? या चुका टाळा

१९७० मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’ जहाजाने भूमध्य समुद्राच्या तळात छिद्रं घेतली, तेव्हा जिप्सम, अ‍ॅनहायड्राइट (खारं पाणी आटताना बसणारी खनिजं) आणि मीठ वर आलं. हा समुद्र सुमारे ५९.७ ते ५३.३ लाख वर्षांपूर्वीच्या काळात आटला होता, ही कल्पना तिथून रुजली. पण हे पुरावे वाचताना हमखास गफलती होतात.

पहिली गफलत म्हणजे मीठ दिसताच तळ कोरडा पडला असं धरून चालणं. समुद्राचं पाणी साधारण पाचव्या हिश्शावर आटलं की जिप्सम बसतं, दहाव्या हिश्शावर आलं की मीठ. हे पाणी किती दाट झालं ते सांगतं, किती खोल उरलं ते नाही. खोल, दाट खाऱ्या पाण्याखालीही मीठ साचू शकतं. भूमध्य समुद्राची पातळी नेमकी किती उतरली यावर अजून वाद आहे, तो यामुळेच.

‘एकदाच आटला’ हेही चूक. सरासरी १,५०० मीटर खोल पाणी पूर्ण आटवलं तरी जेमतेम पंचवीस-तीस मीटर मीठ मिळेल. प्रत्यक्षात काही ठिकाणी थर किलोमीटरहून जाड आहे. म्हणजे अटलांटिकचं पाणी आत येतच राहिलं होतं.

गाळात भेगा दिसल्या की तळ कोरडा पडला, असं घाईने ठरवू नका. उन्हाने तडकलेल्या चिखलाची भेग वर रुंद, खाली निमुळती असते आणि तिच्यात वरच्या थराचा गाळ भरलेला असतो. वरून पाहिलं तर बहुकोनी जाळी दिसते. पाण्याखालीही क्षारता बदलली की भेगा पडतात, पण त्या बहुधा तुटक, वाकड्या. छिद्रातून काढलेल्या मुठीएवढ्या रुंदीच्या नमुन्यात जाळी दिसतच नाही, तेव्हा त्यावरून निकाल देऊ नका.

नमुना नळाखाली तर मुळीच धुऊ नका, मीठ विरघळून जाईल. मीठ गेलेलं असेल तर गाळात चौकोनी ठसे शोधा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त तळाकडे बघणं. मला सर्वांत पटणारा पुरावा नाईलचा आहे. इजिप्तमधल्या अस्वान धरणासाठी छिद्रं घेताना सोव्हिएत भूशास्त्रज्ञ चुमाकोव्ह यांना नदीखाली ग्रॅनाइटमध्ये कोरलेली अरुंद घळ सापडली, आजच्या समुद्रसपाटीच्याही खाली गेलेली. नदी समुद्राच्या पातळीपर्यंतच खोल कापू शकते, म्हणजे तेव्हा समुद्र फार खाली गेला असणार. आणि त्या घळीत, किनाऱ्यापासून नदीच्या वाटेने हजारहून अधिक किलोमीटर आत, पुन्हा भरून आलेल्या समुद्राचा गाळ बसलेला होता.