शुगर आहे आणि उन्हाळी सारखी लागते? आईचा त्रास आधी सांगा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी काम करते. शुगर असलेली बाई लघवीच्या जळजळीसाठी डब्बी घेऊन आली, की नाव-वय लिहून झाल्यावर मी विचारते, तुमच्या आईला असं व्हायचं का? बरेचदा उत्तर येतं, "हो ना मॅडम, माह्या मायले बी सारखी उन्हाळी लागे. शुगर बी होती तिले." डॉक्टरांना मात्र हे कुणी सांगत नाही. कपाशीत दिवसभर उन्हात राबलो म्हणून झालं, एवढंच डोक्यात असतं.

म्हणून पहिलं काम: आई, बहीण, मावशी यांपैकी कुणाला वारंवार लघवीचा संसर्ग, किडनीचा त्रास किंवा शुगर होती, हे एका कागदावर लिहून न्या. हा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूमुळे होतो. त्याच्या अंगावर बारीक तंतू असतात आणि लुगड्याला कुसळं धरतात तसा तो मूत्राशयाच्या आतल्या थराला धरून बसतो. किती घट्ट धरेल, हे काही अंशी आपल्या जनुकांवरही ठरतं. काही माणसांच्या लाळेत आणि इतर स्रावांत रक्तगटाचे घटक उतरत नाहीत. अशा बायकांच्या पेशींना हा जंतू जास्त चिकटतो आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. जंतू आल्याची वर्दी शरीराला देणारी जनुकंही सगळ्यांची सारखी नसतात.

वारशावर शुगरची भर पडते. २०२२ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, की रक्तात साखर जास्त असली की मूत्राशयाच्या पेशी सोरायसिन हे जंतू मारणारं प्रथिन कमी बनवतात. जनुकं बदलता येत नाहीत, साखर खाली आणता येते. जनुकांच्या तपासणीसाठी नागपूरला जाऊन पैसे घालू नका, त्यानं तुमचं औषध बदलत नाही.

आता डब्बी. बरेच रिपोर्ट इथेच बिघडतात, म्हणून नीट सांगते. कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, करायचं असेल तर लॅबमधूनच निर्जंतुक डब्बी घ्या, घरची औषधाची बाटली धुऊन आणू नका. जागा साध्या पाण्यानं धुवा, पुसा. पहिली धार सोडून द्या, मधली धार डब्बीत धरा, आणि झाकणाच्या किंवा डब्बीच्या आत बोट लावू नका. घरून भरून एसटीनं आणलेली लघवी उन्हात तापते, जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो. दवाखान्यातच द्या. ते जमत नसेल तर दोन तासांच्या आत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं, अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. मेडिकलमधून दोन गोळ्या खाऊन आलेल्या बाईच्या कल्चरमध्ये बरेचदा काही उगवत नाही, आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळायची संधी जाते. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्यांचंही तेच.

जळजळ नाही, ताप नाही, तरी रिपोर्टमध्ये जंतू निघाले तर? शुगर असलेल्या बायकांमध्ये असं बरंच होतं. अशांना अँटिबायोटिक देऊन फायदा होत नाही, हे कॅनडातल्या २००२ च्या अभ्यासात दिसलं. गोळ्यांचा हट्ट धरू नका. गरोदर बाईचं मात्र वेगळं, तिला त्रास नसला तरी उपचार लागतो.

डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर आम्हाला सांगा. या गोळ्या साखर लघवीवाटे काढतात, त्यामुळे रक्तातली साखर ठीक असूनही लघवी तपासायच्या पट्टीवर साखर दिसते. खाज सुटली, पांढरं जाऊ लागलं तर डॉक्टरांना दाखवा, ती बुरशी असू शकते. गोळी मनानं बंद करू नका. आणि घरात सिकलसेल, म्हणजे वारशानं येणारा रक्ताचा आजार, असेल, आपल्या भागात तो बऱ्याच घरांत आहे, तर कार्ड सोबत आणा. सिकलसेलमध्ये तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी तपासणी फसवी येऊ शकते.

वावरातलं सांगायला मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते. निंदण-वेचणीला गेलेल्या बाया लघवी लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि लागली तरी माणसं आहेत म्हणून दाबून धरतात. तुरीच्या ओळींआड दोघी-तिघी मिळून जा, एकीनं लक्ष ठेवा. वावराच्या मालकांनो, धुऱ्यावर चार बल्ल्या ठोकून जुनं लुगडं बांधा, फार खर्च नाही. जुन्या शुगरमध्ये नसा कमजोर होऊन मूत्राशय भरल्याचं कळत नाही, म्हणून लागो न लागो, तीन-चार तासांनी जायचं. झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. पाणी भरपूर प्या, पण किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. शुगरवाल्यांच्या किडनीत संसर्ग फार लवकर भिनतो, कधी तिथे वायूही तयार होतो. १०८ ला फोन करा, शुगरच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका आणि निघा.