कोलिन्यीची कांस्य दिनदर्शिका कशी वाचावी

रोमने गॉलमधील (साधारणपणे आजच्या फ्रान्समधील) केल्ट जमातींना जिंकल्यावर नेमके काय बदलले आणि काय टिकले, हे समजून घ्यायचे असेल तर ल्यों येथील लुग्दुनुम संग्रहालयातल्या एका फुटक्या कांस्यपत्र्यापासून सुरुवात करावी. ही दिनदर्शिका १८९७ मध्ये पूर्व फ्रान्समधील कोलिन्यी येथे तुकड्यांच्या रूपात सापडली. ती सहसा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील मानली जाते; म्हणजे इ.स.पू. ५२ मध्ये आलेसिया येथे गॉलांचा नेता वर्सिंजेटोरिक्स रोमन सेनापती सीझरला शरण गेल्यानंतर दीड शतकाहून अधिक काळ लोटला होता.

प्रथम लिपी पाहावी. अक्षरे लॅटिन आहेत, आकडे रोमन आहेत. ड्रुइड, म्हणजे केल्टांचे पुरोहित, आपली विद्या लिहून ठेवत नसत असे सीझर सांगतो, त्यामुळे कालगणना धातूवर कोरणे हाच मोठा बदल मानावा लागतो.

मग महिन्यांची नावे वाचावीत. सामोनिओस, गियामोनिओस, एक्वोस ही सारी नावे गॉलिश, म्हणजे गॉलमधील केल्टांच्या, भाषेतील आहेत.

यानंतर मांडणीकडे वळावे, कारण खरा ऐवज तिथेच आहे. सोळा स्तंभांत पाच वर्षांचे बासष्ट महिने मांडलेले असून प्रत्येक महिन्याचे दोन पंधरवडे पाडलेले आहेत आणि दर तीस महिन्यांनी एक जादा महिना घातलेला आहे. मराठी वाचकाला येथे अधिक मास आठवेल, आणि ते योग्यच आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने दोन्ही समाजांना ही तूट भरून काढावी लागली. मात्र तेवढ्यावरून परस्परसंबंधाचा निष्कर्ष काढू नये. दोन पंधरवड्यांना शुक्ल आणि कृष्ण ही नावेही देऊ नयेत, कारण महिना चंद्राच्या कोणत्या कलेपासून सुरू होई याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

प्रत्येक दिवसाशेजारचे छिद्र अवश्य पाहावे. दिवस पुढे सरकेल तशी त्यात खुंटी बसवत असावेत. रोमन जगात इ.स.पू. ४५ पासून ज्युलियन सौरवर्ष रूढ असतानाही कोणीतरी चंद्राची ही जुनी गणना जपत होते, हे मला या पत्र्यातील सर्वांत मोलाचे वाटते.

पुढची पायरी म्हणून दक्षिण फ्रान्समधील ला ग्रोफसांक येथील कुंभारांचे हिशेब अभ्यासावेत. पहिल्या शतकातील या खापरांवर भट्टीत लावलेल्या भांड्यांची नोंद आहे, आणि तिच्यात गॉलिश व लॅटिन शब्द एकमेकांत मिसळलेले आढळतात.