पाँपेईला जाताय? आधी पायांकडे बघा

पाँपेई म्हणजे इटलीत नेपल्सजवळ ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर. नेपल्सहून चिर्कुमवेसुवियाना लोकलने ‘पाँपेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी’ याच स्टेशनवर उतरा. अवशेषांत शिरायचा पोर्ता मरीना दरवाजा अगदी समोर आहे. पाँपेई नावाची आणखी स्टेशनं आहेत, तिथे उतरलात तर फुकटची पायपीट. प्रवेशाचं तिकीट नावानिशी मिळतं, पासपोर्ट जवळ हवा. ३०×३०×१५ सेंमीपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही.

खरा त्रास रस्त्यांचा. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेले हे रस्ते काळ्या ज्वालामुखी दगडांचे. त्या काळच्या गाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्यात, मधले दगड झिजून गुळगुळीत झालेत. सपाट तळव्याची चप्पल हमखास घसरते, चाकोरीत घोटा मुरगळतो. जाड, खाचांच्या रबरी तळव्याचे बूटच घाला. सावली फारशी नाही, टोपी घ्या. बाटली रस्त्यांवरच्या नळांवर भरून घेता येते.