बाथरूमची टाइल सुटलीये, चिकटवायची कशाने?

आमच्या डोंबिवलीच्या घरात नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीच्या) बाजूच्या दोन टाइल पाय दिला की कट-कट वाजायच्या. मी पहिल्यांदा केलं काय, तर सगळे करतात तेच, फटीत व्हाइट सिमेंट भरलं, वरून बोट फिरवलं आणि खुश झालो. महिनाभरात सांधा परत फुटला, परत भरला, परत फुटला. तिसऱ्या वेळी वैतागून टाइलच उचलली तर खाली काळा वास मारणारा चिखल, आणि टाइलची पाठ एकदम चकाचक, जणू कालच दुकानातून आणलीये. म्हणजे फटीचा प्रश्न नव्हताच, त्या टाइलला सिमेंट कधी चिकटलंच नव्हतं.

म्हणून दुकानात जायच्या आधी टाइल काढा आणि जोड तुटलाय कुठे ते बघा. फटीतलं ग्राउट (सांधा भरायचा माल) आधी खरवडून काढा, मग पातळ पट्टी घालून हळूच उचला, शेजारच्या टाइलवर जोर देऊ नका नाहीतर दोनाच्या चार होतात. डोळ्यावर चष्मा पाहिजेच, छिन्नी मारताना कपची उडते. शेजारच्या टाइलवर पण नाण्याने ठोकून बघा, पोकळ भद्द आवाज आला तर तीही आजउद्या सुटणार आहे, एकाच खेपेत उरका.

आता टाइलची पाठ. पाठ कोरी असेल तर चूक चिकटवायच्या मालाची. टाइलला सिमेंटचा गोळा चिकटून आलाय पण तो खालच्या कोब्यापासून सुटलाय, तर चूक खालच्या थराची, तिथे वरून टाइल चिकटवायचं कितीही भारी अ‍ॅडहेसिव्ह लावलं तरी ते सुटलेल्या मालालाच चिकटणार. आणि नखाने खरवडल्यावर माल वाळूसारखा सुटत असेल तर तो पूर्ण काढायचा, घट्ट लागेपर्यंत. हे काम कंटाळवाणं आहे पण इथेच लोक घाई करतात.

मग टाइल कुठली आहे ते ओळखा. सोपं आहे, कोरड्या पाठीवर चार थेंब पाणी टाका. मिनिटभरात शोषलं गेलं तर साधी सिरॅमिक, थेंब तसाच टप्पोरा बसून राहिला तर व्हिट्रिफाइड. व्हिट्रिफाइड टाइल 0.5 टक्क्यापेक्षा जास्त पाणी पीत नाही, आणि साधं सिमेंट चिकटतं ते टाइलच्या बारीक छिद्रांत शिरून, छिद्रंच नाहीत तर ते धरणार कशाला? जुने गवंडी सिरॅमिक टाइल रात्रभर पाण्यात भिजवून सिमेंटवर बसवायचे आणि त्या वर्षानुवर्षं टिकायच्या, त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं, टाइल बदलल्या पण पद्धत तीच राहिली एवढंच. शहाबादी किंवा कोटा असेल तर चांगला सिमेंटचा माल आजही चालतो. पांढरा संगमरवर असेल तर अ‍ॅडहेसिव्ह पांढरंच घ्या, करड्याचा डाग वर दिसतो.

आता दुकानात. पिशवीवर आयएस 15477 शोधा, हे टाइल अ‍ॅडहेसिव्हचं भारतीय मानक, त्यात टाइप 1 ते 5 आहेत. टाइप 1 साध्या पाणी पिणाऱ्या सिरॅमिकसाठी, मोठ्या टाइल, दगड, अवघड जागा यासाठी वरचे आकडे. काही पिशव्यांवर युरोपियन पद्धतीने सी1, सी2 लिहिलेलं असतं, सी म्हणजे सिमेंटवालं, सी1 ची पकड किमान 0.5 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि सी2 ची 1, म्हणजे सरळ दुप्पट. माझं मत विचाराल तर बाथरूमच्या जमिनीवर व्हिट्रिफाइडसाठी सी2 च्या खाली जाऊ नका. फूट बाय फूटच्या चार टाइलला दोन किलोच्या आसपास माल लागतो (3 मिमी जाडीला 1 चौरस फुटाला साधारण अर्धा किलो), त्यामुळे स्वस्तातलं घेऊन वाचणार किती, एका वडापावचे पैसे. पिशवीवरची तारीख मात्र बघा, आणि कोपऱ्यात फोडून ठेवलेली पिशवी दुकानदार कितीही प्रेमाने देत असला तरी घेऊ नका, दमट हवेत तो माल मेलेला असतो.

घरात एकच बाथरूम असेल तर फास्ट सेटिंग प्रकार मिळतो का विचारा. साध्यावर 24 तास पाय द्यायचा नसतो, फास्टवाला काही तासांत पाय देण्याइतका होतो. फक्त तो घमेल्यात पण तेवढ्याच पटकन आवळतो, म्हणून एका टाइलपुरताच कालवायचा.

बादलीत तयार पेस्ट मिळते ती नको. ती पाणी उडून सुकते, वर व्हिट्रिफाइड आणि खाली कोबा असताना पाणी उडणार कुठून, आतल्या आत ओलीच राहते. भिंतीला ठीक आहे, नहाणीच्या जमिनीला नाही. लाकडाचा पांढरा गोंद तर नकोच नको, पाणी लागलं की मऊ पडतो. बंदुकीतून निघणारं ट्यूबवालं अ‍ॅडहेसिव्ह लोक वळवळ्या रेघा मारून लावतात, रेघांच्या मधे पोकळी राहते, त्यात पाणी शिरतं आणि वर भरलेली बादली आपटली की टाइल तडकते. आणि इन्स्टंट ग्लू... मी लावून बघितलाय, हसू नका.

इपॉक्सी, म्हणजे दोन डबे एकत्र करून लावायचा गोंद, कधी? जेव्हा खाली सिमेंट नाहीये, म्हणजे लोखंड, लाकूड, प्लाय, किंवा जुनी गुळगुळीत टाइल, किंवा जागाच इतकी कमी आहे की 3 मिमीचा थर मावत नाही. रेझिन आणि हार्डनर दोन्ही डबे पूर्ण एकत्र करायचे, अंदाजपंचे अर्धं अर्धं घेतलं की ते कायम चिकचिकीत राहतं. आणि जागा कोरडी लागते, ओल असेल तर इपॉक्सीचे पैसे पाण्यात. ओल बघायची तर खड्ड्यावर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवा, दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर थांबा. सिमेंटवाल्या अ‍ॅडहेसिव्हला किंचित दमटपणा चालतो, साचलेलं पाणी त्यालाही चालत नाही. आणि पाणी सतत खालून येतच असेल, किंवा खालच्या काकूंच्या छताला डाग पडला असेल, तर हे काम अ‍ॅडहेसिव्हचं नाहीच, आधी ट्रॅप किंवा पाइपचा जोड शोधा, वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारा, मग टाइल.

अजून एक गोष्ट म्हणजे खड्ड्याची खोली. अ‍ॅडहेसिव्ह पातळ थरासाठी असतं, 3 ते 6 मिमी धरून चाला. जुना माल काढल्यावर खड्डा बोटभर झाला तर तो सगळा अ‍ॅडहेसिव्हने भरायचा मोह होतो, भरू नका, जाड थर सुकताना आकसतो आणि टाइल कडेने बसकी होते. आधी सिमेंट-वाळूचा माल, त्यात पाण्याबरोबर थोडं लॅटेक्स (माल घट्ट धरायला घालतात ते दुधासारखं द्रव्य), खालच्या कोब्याला पण तेच सिमेंटमधे कालवून चोपडायचं, मग हा भराव सुकू द्यायचा आणि त्यावर अ‍ॅडहेसिव्ह. नहाणीकडचा उतार याच वेळी बघून घ्या, नंतर हातात काही राहत नाही.

लावताना टाइलची पाठ तारेच्या ब्रशने घासून धुवा आणि पूर्ण सुकवा. नव्या व्हिट्रिफाइडच्या पाठीला भट्टीतली पांढरी भुकटी असते, ती ठेवली तर अ‍ॅडहेसिव्ह भुकटीला चिकटतं, टाइलला नाही. अ‍ॅडहेसिव्ह वापरताना टाइल भिजवायची नाही, ती सवय सिमेंटची. ग्लोव्हज घाला, पाण्यात पावडर टाका, उलटं नको, किलोला पाव लिटरच्या आसपास, पण पिशवीवर लिहिलेला आकडा खरा. कालवून पाच मिनिटं ठेवा, परत ढवळा, आणि नंतर घट्ट झालं म्हणून वरून पाणी ओतू नका, तिथेच पकड जाते.

कोब्यावर दातेरी करणीने एकाच दिशेने रेघा, आणि टाइलच्या पाठीवर पण पातळ हात. पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल बसवायची गवंड्यांची जी पद्धत आहे ती बाथरूमच्या जमिनीला शाप आहे, गोळ्यांच्या मधे पाणी साचतं. टाइल दाबून रेघांना आडवी थोडी सरकवा, रबरी हातोडीने ठोका, आणि पहिली टाइल हमखास परत उचलून बघा, पाठ सगळीकडे माखलेली दिसली पाहिजे, ओल्या जागेत 95 टक्के तरी. मे महिन्यात पंख्याखाली काम करत असाल तर रेघांना बोट लावून बघा, बोटाला माल लागला नाही म्हणजे वर साय धरलीये, तो खरवडून नवीन लावा.

दोन टाइलच्या मधे 2 मिमी तरी फट ठेवा आणि ग्राउट दुसऱ्या दिवशी. नहाणीजवळ मी इपॉक्सी ग्राउट भरलं, महाग पडतं, आणि ओलं असतानाच पुसलं नाही तर वर जे थर राहतात ते छिन्नीनेही निघत नाहीत, माझ्या एका टाइलवर अजून बोटाचा ठसा आहे. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट नको, तिथे न्यूट्रल सिलिकॉन, व्हिनेगरसारखा वास येतो तो प्रकार सिमेंट आणि दगडाला बरोबर नाही. इपॉक्सी ग्राउट पूर्ण पक्कं व्हायला आठवडा लागतो, तोपर्यंत त्यावर अ‍ॅसिड ओतू नका. आमच्या आईने तिसऱ्याच दिवशी बाटली उचलली होती.