व्हॅनचं छत वळवातून वाचवलं, तेव्हा कळलेलं

मे महिन्यात तुळजापूरहून सोलापूरला परतताना ओळखीच्या शेतात मुक्काम केला. उन्हासाठी कॅम्पर व्हॅनच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) बाजूला पायांवर उभं राहणारं गुंडाळीचं कापडी छत अगदी सपाट ताणलं होतं. संध्याकाळी वळीव आला आणि कापडाला पाण्याचं पोट सुटलं. पुढची दांडी वाकायला लागली. दोन बादल्या पाणी म्हणजे सहज तीसेक किलो भार! झाडूच्या दांड्याने खालून हळूच ढकलून पाणी सांडलं. आता छताचा एक पाय दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली ठेवतो, पाणी त्या कोपऱ्यातून आपोआप निथळतं.

खरी अडचण जमिनीची. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भिजली की लोण्यासारखी होते. खुंटी धरतच नाही. म्हणून पायांना वाळूच्या गोण्या बांधतो. वारा सुटला तर मात्र गोण्यांवर विसंबत नाही, छत लगेच गुंडाळतो.

त्या रात्री ओलंच गुंडाळलं, ही माझी चूक. चार दिवसांनी उघडलं तर बुरशीचे काळे ठिपके. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, मग दोन्ही बाजूंनी कडकडीत ऊन. कुबट वास गेला, ठिपके बरेच फिकटले.