पावसाळ्यात खुराड्यात उग्र वास, ओली गादी : माझा अनुभव

आमच्याकडे बारा गावठी कोंबड्या, खुराडं 6 बाय 8 फुटांचं, खाली मातीची जमीन. कोकणातला पाऊस लागला की आठवड्यात गादीची (जमिनीवर अंथरलेल्या थराची) पोळी व्हायची, दार उघडताच अमोनियाने डोळे चुरचुरायचे. एका तलंगीच्या (कोवळ्या कोंबडीच्या) तळव्याला काळी खपली धरली, तेव्हा जीव कळवळला.

पेंढा घातला, तर लांब काड्या एकमेकींत गुंतून खालून कुजल्या. बारीक भुसा धुळीचा निघाला. ओल्या गादीवर चुना मारला, तर वास दुप्पट. ओल्या विष्ठेत चुना पडला की अमोनिया जास्त सुटतो.

शेवटी उपयोग झाला तो असा. कोंबड्या बाहेर काढून सगळी गादी खरवडली. भोवतीची जमीन खोल करून खुराड्यातली जमीन चार इंच भर घालून उंच केली, चोपली आणि पागोळीचं पाणी पन्हाळीने दूर नेलं. जमीन दोन दिवस वाळू दिली. मग कोरड्या जमिनीवर विझवलेल्या चुन्याचा पातळ थर, आणि एक दिवस सोडून त्यावर गिरणीतलं कोरडं भाताचं तूस, तीन इंच. पाण्याचं भांडं विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. खरी ओल तिथूनच येत होती! रोज सकाळी दाताळ्याने तूस वरखाली करतो, ओला भाग लगेच उचलतो.

गादीतलं तूस मुठीत दाबून बघा: गोळा झाला तर ओलं, हात उघडताच सुटलं तर ठीक.

तळव्याची खपली तीन आठवड्यांत गळून पडली.