घरचा छोटा फ्लॅटबेड स्कॅनर : या चुका टाळा

जाड पुस्तकाचं पान स्कॅन केलं की मधल्या शिवणीजवळची अक्षरं काळपट आणि पुसट येतात. मग बहुतेक जण रिझोल्युशन वाढवून बघतात. ३०० चं ६०० करतात, ६०० चं १२००. अक्षरं होती तशीच पुसट राहतात, फाइल मात्र कितीतरी जड होते. इथे रिझोल्युशनचा काही संबंधच नाही. पान त्या जागी काचेपासून थोडं वर उचललं गेलंय, एवढंच झालंय.

बारीक, हलक्या आणि स्वस्त स्कॅनरबद्दल ही एक गोष्ट कळली की निम्म्या तक्रारींचं कारण आपोआप सापडतं. या यंत्रांत सीआयएस म्हणजे कॉन्टॅक्ट इमेज सेन्सर असतो. कॅननची लाइड मालिका आणि एप्सनचा परफेक्शन व्ही३९ ही त्याची ओळखीची उदाहरणं. काचेच्या अगदी खाली पानाच्या रुंदीएवढी सेन्सरची पट्टी, तिच्यावर इवल्या भिंगांची रांग आणि प्रकाशासाठी लाल, हिरवा, निळा एलईडी, असा सगळा संसार एका पट्टीत मावतो. म्हणून यंत्र पातळ होतं आणि यूएसबीच्या विजेवर चालतं. मोठ्या स्कॅनरमध्ये सीसीडी नावाचा दुसऱ्या प्रकारचा सेन्सर, आरसे आणि भिंग असतं, त्यामुळे काचेपासून थोडं वर असलेलंही त्यांना बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. सीआयएसला काचेला टेकलेलंच नीट दिसतं.

कागद काचेला टेकलेला नसणं

घडी पडलेला दाखला, गुंडाळून ठेवलेला नकाशा, कडा वळलेला फोटो, फ्रेममधलं चित्र, शिवणीजवळचं पान, सगळीकडे चूक एकच. घडीचे कागद आदल्या रात्री दोन स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये घालून पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली ठेवा. फोटो फ्रेममधून निघत असेल तर काढून स्कॅन करा, कारण फ्रेमची काच मध्ये आली की अंतर पडलंच.

पुस्तकासाठी स्कॅनर टेबलाच्या कडेशी घ्या. हवं ते पान काचेवर, पुस्तकाची शिवण काचेच्या कडेला आणि उरलेला भाग बाहेर लटकता, असं जमलं तर पान बरंच सपाट बसतं. काचेभोवतीची चौकट जाड असेल तर मात्र याचा फारसा उपयोग होत नाही. तळव्याने शिवणीवर हलका दाब द्या. कोपर टेकवून भार टाकू नका, झाकणावर जड ठोकळे ठेवू नका. ही काच पातळ असते आणि सेन्सरची पट्टी तिच्या लगेच खालून सरकते.

बांधणी खिळखिळी झालेलं जुनं पुस्तक किंवा पानांना चिकटलेल्या फोटोंचा अल्बम असेल तर मी स्कॅनर वापरतच नाही. चांगल्या उजेडात, वरून सरळ धरून मोबाइलने फोटो काढते. त्यात थोडी स्पष्टता जाते, पण चिकटलेला फोटो ओढून काढताना वरचा थर सुटला तर तो परत बसत नाही.

नेगेटिव्ह आणि स्लाइड या यंत्रांवर सहसा होत नाहीत. त्यांना पलीकडून येणारा प्रकाश लागतो आणि तो दिवा या स्कॅनरच्या झाकणात नसतो. वर मोबाइलचा उजेड धरण्याचे उपाय लोक सुचवतात, त्यात वेळ घालवू नका. तो उजेड सारखा पसरत नाही.

डीपीआयचा मोठा आकडा

खोक्यावर २४०० किंवा ४८०० डीपीआय (म्हणजे एका इंचात तेवढे ठिपके) लिहिलेलं असतं आणि मनाला वाटतं, आहे तर वापरूया. साधा हिशेब करून बघा. ए-फोर आकाराचं पान रंगीत, ३०० डीपीआयने घेतलं तर न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) फाइल सुमारे २६ एमबी होते. ६०० ला ती १०४ एमबीवर जाते आणि १२०० ला ४०० एमबीच्याही पुढे. आकडा दुप्पट की फाइल चौपट, आणि वेळही त्याच अंगाने वाढतो.

छापील कागदाला ३०० पुरतं. अक्षरओळख करून मजकूर काढायचा असला तरीही ३००. अक्षरं फारच बारीक असतील तर ४०० किंवा ६००. तळहाताएवढे जुने फोटो ६०० ने घ्या. ४ बाय ६ इंचाचा फोटो मग २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो आणि दुप्पट मापात छापता येतो. पासपोर्ट आकाराचा फोटो मोठा करायचा असेल तर १२०० योग्य. त्यापुढे कागदावरच्या फोटोत सहसा तपशीलच उरत नाही, कागदाचा पोत तेवढा मोठा होत जातो. सॉफ्टवेअरमध्ये यंत्राच्या ऑप्टिकल, म्हणजे सेन्सर खरोखर टिपतो त्या आकड्याहून मोठे आकडे दिसले तर ते ‘इंटरपोलेटेड’ म्हणजे मधले ठिपके अंदाजाने भरलेले असतात. त्यांना हात लावू नका.

जागा वाचवण्यासाठी काळं-पांढरं

या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. वडिलांनी आईला लिहिलेली पत्रं मी एका सुट्टीत स्कॅन केली. पातळ कागद, निळी शाई, काही ठिकाणी समासात पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी. फाइली लहान राहाव्यात म्हणून मी ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडलं. पुढे कपाटात पाणी शिरलं आणि मूळ पत्रं गेली. आता स्कॅन उघडले की शाईचा मजकूर तुटक दिसतो आणि पेन्सिलीच्या ओळी नाहीतच. आई त्या ओळी कोणत्या होत्या ते आठवून सांगते, मी लिहून घेते.

या पर्यायात प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा ठरतो, मधलं काही नाही. फिकी शाई, पेन्सिल आणि पुसट शिक्का पांढऱ्याच्या बाजूला गेले की संपले. देवनागरीत तर हा धोका आणखी मोठा, कारण अनुस्वार हा एक ठिपकाच असतो. तो गेला की ‘नांव’चं ‘नाव’ होतं, आणि ते जुन्या माणसाचं लेखन होतं हेही पुसलं जातं. साध्या छापील कागदाला ‘ग्रेस्केल’, म्हणजे करड्या छटांचा पर्याय ठेवा. सही, शिक्का, हस्ताक्षर किंवा पिवळा पडलेला कागद असेल तर रंगीतच घ्या. लहान फाइल हवी असेल तर ती नंतर या प्रतीवरून करता येते.

पातळ कागदाला आणखी एक त्रास असतो. मागच्या बाजूचा मजकूर पुढे उमटतो. झाकणाची आतली बाजू पांढरी असल्यामुळे प्रकाश कागदातून जाऊन परततो आणि मागची अक्षरं उठून दिसतात. कागदाच्या पाठीमागे काळा कार्डपेपर ठेवा. पान थोडं काळसर येईल, ते नंतर उजळता येतं, पण मागची अक्षरं जवळजवळ गायब होतात.

खूण बघून कारण ओळखा

स्कॅनच्या पूर्ण लांबीभर एक सरळ रेघ येत असेल तर काच पुसून ती जाणार नाही. काचेवरचा कण ठिपका म्हणून दिसतो, लांब रेघ म्हणून नाही. सेन्सर प्रत्येक वेळी काचेच्या टोकाला चौकटीखाली लपलेल्या पांढऱ्या पट्टीवरून आपला पांढरा रंग ठरवतो. त्या पट्टीवर किंवा सेन्सरवरच धूळ असली तर तेवढ्या जागेचा अंदाज चुकतो आणि चूक पानभर ओढली जाते. काच रिकामी ठेवून, झाकण बंद करून ड्रायव्हरमधलं (स्कॅनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) ‘कॅलिब्रेशन’ चालवा. तरीही रेघ राहिली तर आतली धूळ दुरुस्तीवाल्याकडूनच काढून घ्या.

काच पुसताना द्रव थेट काचेवर फवारू नका, तो कडेच्या फटीतून आत उतरतो. मायक्रोफायबरचं कापड किंचित ओलं करून पुसा, मग कोरड्याने.

अक्षरांच्या कडांना लाल-निळी झालर आली तर काहीतरी हललंय. तीन रंगांचे एलईडी एकामागून एक लागतात, त्यामुळे मधल्या क्षणात कागद किंवा टेबल हललं की रंग एकमेकांवर बसत नाहीत. प्रिंटर, पंखा, कपडे धुण्याचं यंत्र ज्या टेबलाला हादरे देतं तिथून स्कॅनर हलवा.

वर्तमानपत्रातल्या किंवा मासिकातल्या छायाचित्रावर लाटांसारखी जाळी दिसते. छपाईचे ठिपके आणि स्कॅनरचे ठिपके एकमेकांत अडकल्यामुळे ती तयार होते. सॉफ्टवेअरमधला ‘डीस्क्रीन’ हा पर्याय चालू करा, किंवा ६०० ने स्कॅन करून नंतर आकार निम्मा करा. मात्र साध्या फोटोला डीस्क्रीन लावू नका, तो विनाकारण मऊ होतो.

पोत असलेल्या जुन्या फोटोंवर आणि घड्यांवर चकाकी किंवा सावली येते, कारण प्रकाश तिरका पडतो. फोटो ९० अंशांत फिरवून पुन्हा घ्या. बऱ्याचदा तेवढ्याने फरक पडतो.

कागदाची कड कापली जात असेल तर तो अगदी चौकटीला भिडवू नका, दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा. ‘ऑटो क्रॉप’ पांढऱ्या समासाला पार्श्वभूमी समजून कापतं. दाखले आणि पत्रांसाठी ते बंदच बरं.

स्कॅनर दिसतच नाही

आधी केबल बघा. हे यंत्र त्याच केबलमधून वीज घेतं आणि साध्या यूएसबी २.० पोर्टमधून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळतात. पेनड्राइव्ह, माऊस आणि कीबोर्ड लावलेल्या, स्वतःची वीज नसलेल्या हबवर ते अर्ध्यातच थांबतं, खरखरतं किंवा दिसेनासं होतं. संगणकाच्या पोर्टमध्ये थेट लावा. काही मॉडेलना खाली किंवा बाजूला, ने-आण करताना आतली पट्टी हलू नये म्हणून कुलूप असतं. नवा किंवा हलवलेला स्कॅनर आवाज करून अडला तर ते उघडलंय का ते पाहा, आणि ताकद लावू नका.

ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर अडलं तर विंडोजवर नॅप्स२ हे मोफत सॉफ्टवेअर चालवून बघा. जुन्या यंत्राला नवा ड्रायव्हर मिळतच नसेल तर व्ह्यूस्कॅन अनेकदा कामाला येतं, पण ते विकतचं आहे. लिनक्सवर स्कॅनर चालवायला सेन हे मोफत सॉफ्टवेअर आहे.

एकदा स्कॅन केलं की झालं

फोटोची मूळ प्रत टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा. जेपेग उघडून, सुधारून, पुन्हा जेपेगमध्ये साठवलं की दर वेळी थोडं नुकसान होतं. दाखले आणि पत्रांना पीडीएफ सोयीचं, पण आतलं दाबण्याचं प्रमाण कमीत कमी ठेवा; नाहीतर अक्षरांभोवती धुरकट ठिपके येतात आणि अक्षरओळख चुकते. टेसरॅक्टसारखं मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, त्यात भाषा मात्र मराठी निवडायला हवी. पान तिरकं असेल तर शिरोरेषा तिरकी होते आणि ओळखीत गोंधळ वाढतो, म्हणून आधी पान सरळ करून घ्या.

नाव देताना ‘स्कॅन००१’ ठेवू नका. वर्ष, मग काय आहे ते, मग पानाचा क्रमांक, असं लिहिलं की पुढे शोधता येतं. फोटोच्या मागे काही लिहिलेलं असेल तर मागची बाजूही त्याच क्रमांकाने घ्या. आणि कागद कपाटात परत जाण्याआधी फाइल शंभर टक्के आकारात उघडून चारही कोपरे आणि मधला भाग बघा. पान अजून काचेवर आहे तोवर पुन्हा घ्यायला एक मिनिट लागतं.